कथा-कादंबऱ्या वाचून पोरांना लिहिता येतं म्हणे!

चाटी_गल्ली : दहावीच्या पोरांना गोष्टी वाचायला लावून लेखन शिकवायचं खूळ आता बंद करा. माझ्या दुकानातल्या बी.ए. झालेल्या पोराला बँकेला साधं पत्र लिहिता येत नाही. पत्र, अर्ज असलं उपयोजित लेखन घोटून घ्या, बास.

सांगोलेकर : हे वाचून गप्प बसवेना. शेठ, तो पोरगा नमुना पत्रं घोटूनच पास झालाय! नमुन्यात नसलेलं काम पडलं, अडकला. मी नववीला व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तलं अर्धं पान वाचून दाखवतो. 1955 ची कादंबरी, माणदेशातली, वाक्यं आखूड. मग पुस्तक मिटून सांगतो, आता आपली वाडी लिहा. 'निसर्गरम्य' लिहिलं तर बाकावर उभं करीन. एकानं लिहिलं, "टँकर आला की कुत्रीबी उठत्यात." काढा असं वाक्य नमुना पत्रातून.

चाटी_गल्ली : वाक्य झकास. बोर्ड मार्क किती देतं?

पूर्वभागकर : आमच्या घरी तेलुगू, आई विड्या वळायची. 'माझी आई' निबंध फळ्यावरून उतरवला, त्यातली आई तुळशीला पाणी घालायची. आमच्या खोलीला अंगणच नव्हतं. नंतर एका बाईंनी वर्गात लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' या आत्मकथनातला उतारा वाचला, तेव्हा कळलं की आपलं घरसुद्धा लिहिता येतं. मग मी कारखान्यात आईच्या विड्यांतून छाट, म्हणजे खराब म्हणून नाकारलेल्या विड्या, कशी काढतात ते लिहिलं. शुद्धलेखनाचे मार्क गेले, ते सोडा.

शेंगाचटणी : सगळं खरं, पण मास्तर लोक स्वतः वाचतात का? सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात एक तरी दिसतो का?

झेडपी_मास्तर : वाचू कधी? शाळेच्या माहितीचं यू-डायस भरा, पोषण आहाराचा तांदूळ मोजा, मतदार यादीसाठी बीएलओ म्हणून दारोदार फिरा.

शेंगाचटणी : सातवा वेतन आयोग घेताना दमला नव्हता. मे महिन्याची सुट्टी कुणाला असते?

झेडपी_मास्तर : तोंड सांभाळून. 7 मे 2024 ला, लोकसभेच्या मतदानाला, तुम्ही बोटाला शाई लावून फोटो टाकत होता, मी बूथवर उन्हात बसलो होतो.

सांगोलेकर : अहो, विषय लेखनाचा होता.

चाटी_गल्ली : असू द्या, रंगलंय. तुमचं अर्धं पान मान्य, सांगोलेकर, उपकार म्हणून. पण त्याच तासाला एक अर्जही लिहून घ्या.

सांगोलेकर : घेतो की. टँकर वेळेवर सोडा म्हणून तहसीलदारांना.

शेंगाचटणी : मास्तर, 8 मेला काय वाचलंत?

झेडपी_मास्तर : झोपलो होतो. या तुम्ही वर्गावर, खडू देतो.