'एजिझम'ला मराठीत काय म्हणावं?

मुक्ता_पुणे : ज्येष्ठ नागरिक संघासाठी एक पत्रक मराठीत करतेय. विषय, कोरोनाकाळात तरुण मंडळी वृद्धांबद्दल जे बोलली ते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये एजिझमवर, म्हणजे वयावरून माणसाला कमी लेखण्यावर, अहवाल काढला, त्याचाही उल्लेख आहे. मी 'वयभेद' लिहिलं, तर संघाचे सचिव म्हणाले, "हे लग्न जुळवताना बघतात तसलं वाटतं." दुसरं काही सुचतंय का?

दिगंबर : वयवाद. रॉबर्ट बटलर या अमेरिकी डॉक्टरांनी १९६९ मध्ये मूळ शब्द घडवला तोच वंशवादाशी तुलना करून. मग मराठीतही जोडी जमते.

जुनी_वही : 'वाद' लावला की विचारसरणी वाटते. कुणी ठरवून वयवादी होत नाही. जरा म्हणजे म्हातारपण, म्हणून 'जराद्वेष' घ्या. संस्कृतात इतकी सोय असताना उसनवारी कशाला?

मुक्ता_पुणे : पत्रक वाचणारे 'जराद्वेष' म्हणजे थोडासा द्वेष समजतील हो.

अनघा_ठाणे : द्वेष हा शब्दच मला पटत नाही. मार्च २०२० मध्ये परदेशी पोरं ट्विटरवर या साथीला 'बूमर रिमूव्हर', म्हणजे म्हाताऱ्या पिढीला संपवणारी, म्हणत होती, तो द्वेष. आपल्याकडे वेगळं होतं. माझी आई गेली तेव्हा प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न, "वय काय होतं?" अठ्ठ्याहत्तर म्हटलं की पलीकडचा आवाज सैल पडायचा. "मग झालंच होतं गं वय. काही सहव्याधी?" माझ्या भाच्यानेही हेच विचारलं. तो तिचा लाडका. याला काय म्हणाल?

दिगंबर : अनघाताई, वाईट वाटलं वाचून. पण 'सहव्याधी' बघा, साथीआधी किती जणांना माहीत होता? पेपरांनी लावून धरला आणि रुळला. वयवादही रुळेल.

थेट_कोल्हापूर : नवा शब्द हवाच कशाला? "म्हातारी माणसं म्हणून तुम्हाला हिशेबात धरलं नाही" असं लिहा. सगळ्यांना कळतंय.

मुक्ता_पुणे : मथळ्याला एक शब्द लागतोच ना. आणि हे फक्त बोलण्यापुरतं नव्हतं. राज्य सरकारने मे २०२० मध्ये ६५ वर्षांवरच्या कलाकारांना चित्रीकरणाला बंदी केली. सत्तरीचे एक अभिनेते उच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्टमध्ये ती अट रद्द झाली. न्यायालयाने तिला भेदभावच म्हटलं.

जुनी_वही : मग 'वयाधारित भेदभाव' लिहा, कायद्याच्या भाषेला शोभेल. बाकी, शिव्यांमध्ये बराच इतिहास आहे. 'थेरडा' आला 'स्थविर'वरून, पालीत 'थेर'. बौद्ध संघातल्या ज्येष्ठ भिक्खूंचा तो मान. म्हाताराही 'महत्तर'वरून सांगतात. मानाच्या शब्दांची आपण ही गत केली.

थेट_कोल्हापूर : म्हाताऱ्याची कसली गत? आमच्याकडं "म्हातारं कसं हाय?" हे मायेनंच विचारतात. थेरड्याच्या पंगतीला त्याला बसवू नका.

अनघा_ठाणे : माया विचारणाऱ्याची असते. ऐकणाऱ्याला काय वाटतं ते विचारलंय कधी? लसीच्या रांगेत माझ्या वडिलांना एक पोरगा "ओ म्हातारबाबा, सरका" म्हणाला. त्यांनी घरी येऊन दोनदा सांगितलं.

थेट_कोल्हापूर : ताई, तिथं दोष 'सरका'चा आहे, 'म्हातारबाबा'चा नव्हे.

जुनी_वही : मुळीच नाही. 'आजोबा, सरका' म्हणून बघा, किती फरक पडतो.