आरईबीटी, सीबीटी, रॉजर्स... एकाच क्लायंटला सगळं चालतं का?

प्रश्न (नवखी समुपदेशक, लातूर)

माझा डिप्लोमा आरईबीटीचा, म्हणजे अविवेकी विचार शोधून बदलायची अल्बर्ट एलिसची पद्धत. आठवडाभर ट्यूशन एरियातल्या हॉस्टेलची नीटवाली पोरं येतात, त्यांना तिचं एबीसी (घटना, तिच्याबद्दलचा विचार, त्याचा परिणाम) पटकन कळतं. शनिवारी गावाकडची माणसं असतात, तिथं गाडी अडते. औसा तालुक्यातल्या एक काकू (तपशील बदललेत) म्हणतात, छातीत धडधडतं, हाताला मुंग्या येतात. "तेव्हा मनात काय येतं?" विचारलं की "काही नाही बाई." मग मी थोडा श्वासाचा व्यायाम, थोडं कार्ल रॉजर्सच्या पद्धतीनं नुसतं ऐकून घेणं, मधेच सीबीटी (विचार आणि वर्तन दोन्हीवर काम करायची पद्धत) असं करायलेय. सीनियर म्हणतात, आधी एका पद्धतीत पक्की हो. माणूस बघून पद्धत बदलणं चूक आहे का?

उत्तर (अंबाजोगाई)

ताई, चूक नाही. फक्त तंत्र उसनं घ्या, त्याच्यामागचा सिद्धांत नको. मानसशास्त्रज्ञ अर्नोल्ड लाझारसनं हे 1967 लाच मांडलंय, टेक्निकल इक्लेक्टिसिझम नावानं. तो माणसाकडं सात बाजूंनी बघायचा: वर्तन, भावना, संवेदना, डोळ्यापुढची चित्रं, विचार, नाती, आणि सातवी शरीरप्रकृती व औषधं.

सातवीपासूनच सुरू करा. काकूंचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघितलं का? अंगात रक्त कमी असलं तरी छाती धडधडते. ते ठीक निघालं तर पुढं.

काकू संवेदना सांगायल्यात आणि तुम्ही विचार विचारताय. धडधडीपाशीच थांबा. कुठं सुरू होते, गळ्याशी की पोटात? हात ठेवून दाखवायला लावा. मग हळूच विचारा, "असं झालं की डोळ्यापुढं काय दिसतं?" ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईनं मला इथं पटकन सांगितलं: रात्रीचा रस्ता, उलटलेली ट्रॉली, आणि वर बसलेलं लेकरू. चित्र आलं की मागून विचार आलाच, "माझ्यापायी लेकराला काहीतरी होणार." आता करा की सीबीटी! लाझारस याला ब्रिजिंग म्हणायचा. क्लायंट जिथं आहे तिथून सुरुवात, मग हळूहळू पलीकडं.

शेतकरी दादांना मात्र एबीसीनं सुरुवात करूच नका. सोयाबीन पाण्यात गेलंय, बँकेची नोटीस आलीय, आणि आपण विचारायचं "हा विचार विवेकी आहे का?" तो उठून जाईल, आणि बरोबरच करील. तिथं आधी सरळ विचारा, जीव द्यावा वाटतो का. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही. फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता तेही विचारा, आणि घरच्यांना सांगून ते कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी हलवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर लिहून द्या. बेत पक्का दिसला तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ, सोबत घरचं माणूस. एवढं झालं की जागतिक आरोग्य संघटनेचं प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस बघा, 2016 चं. पाच भेटींचं आहे: ताण उतरवणं, अडचण सोडवणं, बंद पडलेली कामं परत धरणं, माणसं जोडणं. पुढं कधीतरी "मी बापाचं नाव घालवलं" असं तोंडातून येतं. तेव्हा काढा एलिस.

उत्तर (नांदेड)

सरांशी अर्धीच सहमत. ओसीडीत (नको ते विचार छळतात आणि हात धुण्यासारखे विधी पुन्हा पुन्हा करावे लागतात, तो आजार) हा प्रयोग महागात पडतो. मुलाला हात न धुता थांबायला शिकवायचं असतं, म्हणजे एक्सपोजर आणि रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. मधेच कुणी श्वास शिकवला तर तो श्वासच नवा विधी होऊन बसतो. "काही होत नाही रे" असा धीर दिला तर तोही हात धुण्याचंच काम करतो. दयाळूपणानं बिघडवलेल्या अशा केसेस माझ्याकडं येत असतात. नवीन माणसानं दोन वर्षं एकच पद्धत घोटावी. तुमच्या सीनियरचं मला पटतं.

प्रश्नकर्ती

मग केसच्या नोंदीत काय लिहू? सीनियर तीच बघतात.

उत्तर (अंबाजोगाई)

मॅडमचं ओसीडीचं शंभर टक्के मान्य. दोन वर्षांचं नाही पटत. शनिवारची माणसं तेवढी थांबत नसतात.

नोंद अशी लिहा: "धडधड, मग चित्र, मग विचार, मग बाजारला जाणं बंद. आज श्वास, कारण सुरुवात संवेदनेपासून होते. पुढल्या वेळी चित्र." तंत्र बदललं की 'कारण' लिहायचंच. एका ओळीत कारण सांगता येत नसेल तर बदलू नका, आहे तेच चालू ठेवा. सीनियरलाही भांडायला काहीतरी ठोस मिळतं.

आणि काकूंना तो विचारांचा तक्ता भरायला देऊ नका हो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिंब द्यायला सांगा. धडधड मोठी तर टिंब मोठं. महिना संपला की पान फाडून आणायचं. फक्त पेन वेगळ्या रंगाचा द्या, नाहीतर दुधाचे खाडे आणि धडधड यांचा घोळ होतो.