मदत हवी आहे: एन्डोस्कोपीनंतर बाबा घरी आहेत, लोहाच्या गोळ्यांमुळे संडास काळीच होते, मग रक्तस्राव ओळखायचा कसा?

काल दुपारी बाबांची तोंडातून दुर्बीण घालून तपासणी झाली. हिमोग्लोबिन खूप उतरलं होतं, म्हणून डॉक्टरांनी करायला सांगितली. जठरातून बायोप्सीसाठी तुकडे घेतलेत, रिपोर्ट यायचाय.

गुंगीच्या इंजेक्शनमुळे डॉक्टर काय बोलले ते बाबांना अजिबात आठवत नाही. घरी येईपर्यंत "झाली का तपासणी?" हेच सारखं विचारत होते. असं होईल हे सिस्टरांनी आधीच सांगितलं होतं. घशात बधिर करणारा स्प्रे मारला होता, त्यामुळे संवेदना परत येईपर्यंत पाणीसुद्धा दिलं नाही. मग एक घोट देऊन पाहिला, ठसका लागला नाही, तेव्हा मऊ, कोमट खायला घातलं. रात्री त्यांच्याच खोलीत झोपले. आज घसा दुखतोय, पोट फुगलंय, ढेकरा चालू आहेत. ताप नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. घरी सोडताना दिलेल्या कागदावर लिहिलंय, 'काळी शौच झाल्यास ताबडतोब या'. पण लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून त्यांना तशीच होते, आज सकाळीही झाली. फरक कसा ओळखायचा? शिवाय हृदयात स्टेंट असल्यामुळे रोज ॲस्पिरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) असते. ती आज द्यायची का, याबद्दल कागदावर एक अक्षर नाही. कुणाला अनुभव असेल तर कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद

ताई, मी एन्डोस्कोपी विभागात नर्स म्हणून काम केलंय, तेवढ्यावरून सांगते.

लोहाने होते ती हिरवट काळी आणि बहुतेक वेळा बांधलेली असते. वरच्या बाजूला रक्तस्राव झाला की ती डांबरासारखी होते: चिकट, चकचकीत, पातळसर, भांड्याला धरून राहणारी. वासही वेगळाच, फार उग्र. एकदा अनुभवला की विसरत नाही. पण नुसत्या रंगावर बसू नका. उभं राहिल्यावर चक्कर, दरदरून घाम, छातीत धडधड, चेहरा पांढरा पडणं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही, यातलं एक जरी दिसलं तरी थेट हॉस्पिटल गाठा. शंका वाटली तरी जा, लोहाचं कारण देऊन घरी थांबू नका.

ॲस्पिरिनचं मात्र इथे कुणाचंही ऐकू नका, माझंही नाही. स्टेंट असताना ती आपल्या मनाने बंद करणं धोक्याचं आणि बायोप्सी झालेली असताना न विचारता देणंही बरोबर नाही. कागदावरच्या नंबरवर आत्ता फोन करा. स्टेंट कधी बसवला आणि गोळी किती मिलिग्रॅमची, हे हाताशी ठेवा, पहिला प्रश्न तोच येईल.

पोट फुगलंय ते तपासणीत भरलेल्या हवेमुळे. घड्या उलगडून आतलं अस्तर नीट दिसावं म्हणून जठर फुगवतात. घरातल्या घरात चालू द्या, ढेकरा येऊ द्या. घसाही एक-दोन दिवसांत बरा होतो. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन देऊ नका. पॅरासिटामॉल चालेल का, तेही फोनवरच विचारून घ्या. पोट दुखणं वाढत गेलं, पोट कडक लागलं, छातीत दुखलं, ताप आला, गिळता येईना, किंवा मानेला सूज येऊन दाबल्यावर कातडीखाली चुरचुर जाणवली, तर वेळ घालवू नका. अन्ननलिकेला किंवा जठराला छिद्र पडणं फार क्वचित घडतं, पण घडलं तर तासांचा हिशोब असतो.

आणि गाडी, महत्त्वाच्या सह्या, मद्य हे निदान 24 तास नको. माणूस नीट बोलत असला तरी औषधाचा अंमल उरलेला असतो.

धागाकर्ती

मनापासून आभार. लगेच फोन केला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी सगळं विचारून ॲस्पिरिन चालू ठेवायला सांगितली. लोह मात्र रिपोर्ट दाखवायला येईपर्यंत बंद, म्हणजे रंगाचा घोळ राहणार नाही. जुन्या गोळ्यांचा रंग जायला काही दिवस लागतील म्हणाले, तोवर चक्कर आणि नाडीकडे लक्ष ठेवायचंय. सकाळची संडास बांधलेलीच होती, बाबांना विचारून खात्री केली. पॅरासिटामॉल चालेल म्हणाले. आता ती घेऊन झोपलेत.

आणखी एक विचारायचं होतं. रिपोर्ट आणायला जाताना बाबांना सोबत न्यावं लागतं, की मी एकटी गेले तरी डॉक्टर समजावून सांगतात?