बॉक्सिंगच्या हेवी बॅगवर क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) मारताना मनगट दुखतं

प्रश्न: हातपट्टी बांधूनही मनगट आत मुडपतं. ग्लोव्हज १० औंसांचे आहेत. काय चुकतंय?

उत्तर १: पट्टी ४.५ मीटरची हवी. अंगठ्यात फास अडकवा, मनगटाला तीन वेढे, मुठीच्या हाडांवर तीन, मग बोटांच्या फटींतून, उरलेली पुन्हा मनगटाला. बांधताना बोटं फाकवलेली ठेवा, नाहीतर मूठ वळताच पट्टी आवळते आणि बोटं बधिर होतात.

उत्तर २: पट्टीपेक्षा ठोसा कुठे बसतो ते बघा! तर्जनी आणि मधल्या बोटाच्या हाडांवरच बसायला हवा. करंगळीकडे गेला की मनगट वाकणारच. बॅगसाठी १४-१६ औंस बरे.

उत्तर ३: सूज असेल तर बॅग बंद, तोवर शॅडो बॉक्सिंग (हवेतच ठोसे मारणं).