मदत हवी आहे: बादलीतला क्रेफिश परत ओढ्यात सोडू का?

ओढ्याकाठी: सकाळी मुलानं घरामागच्या ओढ्यातला दगड उचलला, खाली क्रेफिश (गोड्या पाण्यातला, झिंग्यासारखा नांग्यांचा प्राणी). बादलीत घालून घरी आणलाय. बोटाएवढा, तपकिरी. शेजारीण म्हणते, परत सोडलात तर गुन्हा. तिचा नवरा म्हणतो, घरी ठेवलात तरी गुन्हा. मुलगा बादलीपाशी बसून आहे, जेवायला उठत नाही. काय करू? लवकर सांगा.

मालवणी_माणूस: चवीला खेकड्यासारखाच. एकाचं काही होणार नाही, आणखी चार धरा. खोबऱ्याचं वाटण, वरून कोकम.

नदीवेडा: थांबा हो. देश कोणता? नांग्या खालून कुठल्या रंगाच्या?

ओढ्याकाठी: इंग्लंड, यॉर्कशायर. उलटा करायला गेलो तर चावतो.

नदीवेडा: मागून पाठीला धरा, नांग्या पोचत नाहीत. खालून लाल आणि वर सांध्यापाशी पांढरट-निळा ठिपका असेल तर अमेरिकन सिग्नल जातीचा, म्हणजे बाहेरून आलेला. तो परत सोडणं बेकायदा. खालून मळकट पांढरा असेल तर तिथला मूळचा. त्याला परवान्याशिवाय उचलणंच बेकायदा. शेजारी दोघंही बरोबर आहेत.

मत्स्यटाकी: टाकीला झाकण घट्ट लावा, रात्री चढून पळतात. माझे दोन गेले.

गोदाकाठ: आपल्याकडे विदेशी मांगूर माशाचं हेच झालं. बंदी असून तळ्यांत पाळतात, पुरात नदीत जातो.

मालवणी_माणूस: मग तो सिग्नल खाऊनच संपवा की!

नदीवेडा: नाही संपत. सापळ्यात मोठेच येतात, आणि पिल्लं खाणारेही तेच. मोठे काढले की पिल्लं फोफावतात. शिवाय सापळ्यालाही परवाना लागतो. 1970च्या दशकात पाळायला म्हणून आणले, तळ्यांतून निसटले. येताना क्रेफिश प्लेग, म्हणजे क्रेफिशना मारणारा रोग, आणला. ते स्वतः सहसा तगतात, मूळचे काही आठवड्यांत ओढाभर मरून पडतात. माणसाला काही होत नाही.

ओढ्याकाठी: धरला. खालून पांढरा! त्याच दगडाखाली सोडून आलो, मुलगा रडला. पण आता वेगळीच धास्ती. गेल्या शनिवारी तो हेच गमबूट घालून दुसऱ्या नदीत उतरला होता, तिथे लाल नांग्यांचे ढिगानं आहेत. आज सकाळी बूट आतून ओलेच होते.

नदीवेडा: बूट, बादली, जाळी गरम पाण्यानं धुवा, खडखडीत वाळू द्या. ओलाव्यात प्लेगचे बीजाणू जगतात. तोवर ओढ्यात कुणी उतरू नका. पर्यावरण विभागाला आजच कळवा, जागेसकट. बुटांचंही सांगा, लपवू नका. दिवसाढवळ्या उघड्यावर लटपटणारा किंवा मेलेला दिसला तर लगेच फोन करा.