कुडाळ तालुक्यातल्या गावाचे जनगणनेचे जुने आकडे जुळत नाहीत

प्रश्न
कुडाळ तालुक्यातल्या एका महसुली गावाचा १९५१ ते २०११ असा लोकसंख्येचा तक्ता करतोय. 'सिंधुदुर्ग' नावाने शोधलं तर जुन्या पुस्तिका सापडत नाहीत. मिळालेल्या आकड्यांतही दोन गोष्टी खटकतात. १९६१ च्या मानाने १९७१ ला काम करणाऱ्या बायका फारच कमी, आणि १९९१ ला एकूण लोकसंख्या घटली तरी अनुसूचित जातींचा आकडा एकदम वर. छपाईची चूक धरावी का? घरोघरच्या मूळ याद्या कुठे बघायला मिळतील?

प्रतिसाद १
सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ चा. त्यामुळे १९५१, ६१, ७१ साठी रत्नागिरीची 'डिस्ट्रिक्ट सेन्सस हँडबुक' (जिल्हा जनगणना पुस्तिका) उघडा, १९८१ साठीही आधी तीच. जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर डिजिटल लायब्ररीत स्कॅन आहेत.

गावाचा कोड दर जनगणनेत बदलतो, कोडवरून तक्ते जोडू नका. नाव, तालुका आणि क्षेत्रफळ तिन्ही जुळवा. क्षेत्रफळाचं एकक बदलतं, १ चौरस मैल म्हणजे २५९ हेक्टर. एका दशकात क्षेत्रफळ घटलेलं दिसलं तर एखादी वाडी स्वतंत्र महसुली गाव झाली असणार. मग पुढच्या सगळ्या वर्षांत दोन्ही गावांची बेरीज घ्यावी लागते. तुमची १९९१ ची घट आधी इथे तपासा. ग्रुप ग्रामपंचायतीचा आकडा मात्र चुकूनही मिसळू नका, त्यात दोन-तीन गावं असतात.

प्रतिसाद २
दोन्हीपैकी एकही छपाईची चूक वाटत नाही, व्याख्या बदलल्यात.

१९६१ ला हंगामी कामात मोसमाचा बराच काळ रोज तासाभराहून जास्त काम केलं तरी माणूस कामगार धरला जायचा. १९७१ ला 'मुख्य उद्योग काय' असं विचारलं. भाताची लावणी, कापणी करणाऱ्या बाईने 'घरकाम' सांगितलं की ती कामगारांतून बाद. १९८१ पासून मुख्य (वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम करणारे) आणि सीमांतिक (त्याहून कमी काम करणारे) असे दोन गट आले, त्यांची बेरीज घ्या आणि १९७१ चा आकडा तळटीप देऊन वेगळा ठेवा. त्याला सलग रेषेत बसवणं म्हणजे त्या बायकांच्या श्रमावर अन्याय आहे.

१९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्धांची गणना अनुसूचित जातींत होत नव्हती. अनुसूचित जातींच्या आदेशातल्या १९९० च्या दुरुस्तीने ती सुरू झाली. राज्याचंच प्रमाण १९८१ मधल्या ७.१४ टक्क्यांवरून १९९१ ला ११.०९ झालं. म्हणून १९६१ ते ८१ साठी त्या रकान्यावरून 'वस्ती उठली' असा निष्कर्ष काढू नका.

साक्षरतेतही हाच घोळ: १९९१ पासून टक्केवारी ७ वर्षांवरच्यांची, म्हणजे एकूणातून ०–६ वयोगट वजा करून भागायचं.

प्रतिसाद ३
घरोघरच्या याद्या मिळणार नाहीत. जनगणना अधिनियम १९४८ च्या कलम १५ प्रमाणे त्या कुणालाही पाहता येत नाहीत. माणसांची नावं हवी असतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक (गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही), मागा.

१९५१ च्या मागे गेलात तर कुडाळ सावंतवाडी संस्थानात शोधा, रत्नागिरी जिल्ह्यात नाही. शिवाय १९३१ पर्यंत मोजणी एका रात्रीची होती. त्या रात्री मुंबईत असलेला चाकरमानी मुंबईतच मोजला गेला. म्हणून कोकणात स्त्री-पुरुष आकडे नेहमी वेगवेगळे लिहा, नुसत्या एकूण आकड्यात हे स्थलांतर दिसत नाही.