धोरण एकच, मग शाखेत समाधान का वाढत नाही?

प्रश्न
नमस्कार. मी एका बँकेच्या मनुष्यबळ विभागात काम करते. आमच्याकडे लवचीक वेळ, आठवड्यातून एक दिवस घरून काम आणि वाढीव पालकत्व रजा अशा तीन सवलती लागू होऊन दोन वर्षे झाली. अंतर्गत पाहणीत मुख्य कार्यालयातील कर्मचाऱ्यांचे समाधान वाढलेले दिसते, शाखांमध्ये मात्र ते होते तेथेच आहे. हा फरक का पडावा? शाखेत काम केलेल्यांचे मत मला विशेष हवे आहे.

उत्तर १
मी शाखा सांभाळतो. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात आणि दोघे हजर असल्याशिवाय ती उघडत नाही, बंदही होत नाही. त्यातच एखाद्या काउंटरची रोकड जुळली नाही, तर ती जुळेपर्यंत सर्वांनाच थांबावे लागते. आमच्या एका सहकारी बाईंनी मुलासाठी तासभर लवकर निघण्याची परवानगी रीतसर घेतली होती, पण दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असल्याने पहिल्याच आठवड्यात त्या तीनदा अडकल्या आणि महिन्याभरात त्यांनी ती सवलत स्वतःहून सोडून दिली. किल्लीसाठी पर्यायी अधिकारी आधीच नेमायला हवा होता, ही चूक माझी. मिळालेली सवलत अशी हातची जाणे हे ती मुळात नसण्यापेक्षा अधिक लागते, असे मला तेव्हापासून वाटते.

उत्तर २
ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या संशोधकांनी १९८५ मध्ये नोकरी व कुटुंब यांच्यातील ओढाताणीची तीन मुळे सांगितली: वेळ, ताण आणि वागणूक. आपल्या तिन्ही सवलती प्रामुख्याने वेळेपुरत्या आहेत. ठेवी, कर्जे आणि विमा यांच्या टार्गेटचा ताण घरी पोहोचल्यावरही उतरत नाही, आणि रजेच्या दिवसांचे टार्गेट कमी होत नसेल, तर रजा घेणारा परतल्यावर तेच काम थोड्या दिवसांत उरकतो. अशा रजेने समाधान कसे वाढणार?

उत्तर ३
एक गोष्ट बँकांना चांगली जमते. गैरव्यवहार उघडकीस यावेत म्हणून संवेदनशील पदांवरील व्यक्तींना दरवर्षी सलग काही दिवस सक्तीच्या रजेवर पाठवण्याची पद्धत अनेक देशांत आहे, आणि त्या काळात त्यांनी कामाला हात लावणे अपेक्षित नसते. मी अशा रजेवर गेलो, तेव्हा काम लेखी सोपवलेले होते, माझा लॉगिन बंद होता आणि दहा दिवसांत एकदाही फोन वाजला नाही. नोकरीतली खरी विश्रांती मला तेव्हाच मिळाली. बँकेच्या सुरक्षिततेसाठी जी शिस्त पाळता येते, ती साध्या रजेलाही लावावी, असा माझा आग्रह आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर
आपणा सर्वांचे आभार. आम्ही पाहणीत सवलतींबाबत ‘सवलत माहीत आहे का’ एवढेच विचारत होतो. पुढच्या वेळी मंजूर सवलतींपैकी किती प्रत्यक्ष वापरल्या आणि रजेवर असताना किती फोन आले, हेही विचारेन. पर्यायी किल्लीधारकांची शाखानिहाय यादी मात्र याच आठवड्यात मागवते.